तारेतली सून

१४ फेब्रुवारी

सिस्टर,

मायना लिहीत नाही. लिहिला तर खोटा होईल. तुला सगळी गल्ली सिस्टर म्हणते, दवाखान्यातले रुग्ण सिस्टर म्हणतात, बाबासुद्धा तेच म्हणायचे असं धाकटा सांगत होता. मग मीही तेवढंच म्हणते.

धाकट्याचं पत्र आलं. "ताई, चार माणसांत तू माझ्या बायकोचा अपमान केलास." केला. पुन्हा करीन. रविवारी मी एकच प्रश्न विचारला होता आणि तू त्याचं उत्तर न देता आत जाऊन कपबशा विसळत बसलीस. तोच प्रश्न आता कागदावर विचारते. इथे विसळायला काही नाही.

तारेत 'सून' का लिहिलंस?

तार माझ्यासमोर आहे. खाली नाव धाकट्याचं, पण मजकूर तूच लिहिलास असं तोच म्हणाला. 'फादर इल. कम सून.' तुझ्या वॉर्डात एखादं इंजेक्शन त्याच क्षणी द्यायचं असलं तर डॉक्टर केसपेपरवर काय लिहितो? 'स्टॅट'. तुझ्या लग्नाला मी दोन दिवस आले होते, तेव्हा तूच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतंस, "वन्सं, स्टॅट लिहिलं की हातातलं असेल ते टाकून पळायचं." म्हणजे शब्दाचं वजन तुला कळतं. जिला 'स्टॅट' कळतो तिनं स्वतःच्या सासऱ्याच्या शेवटच्या आठवड्यात 'सून' लिहिलं! 'सून' म्हणजे सवडीनं. 'सून' म्हणजे या एकदा घरी, पाय मोकळे करायला.

मी शब्दांवरच जगते. अकरा वर्षं झाली, इंग्रजी-मराठी कोशाची मुद्रितं तपासते आहे. एक वेलांटी चुकली तरी माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि तुला वाटलं हे सुटेल? तारेत 'ॲट वन्स' असतं तर अंगावरच्या कपड्यांनिशी मी गाडीत बसले असते. सोमवारी संध्याकाळी निघाले असते, बुधवारी सकाळी बाबांच्या उशाशी असते. बाबा शुक्रवारी दुपारी गेले. मधले ते दिवस माझे होते. ते तू घेतलेस.

उत्तर दे.

धाकट्याची थोरली बहीण


२० फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही मायना लिहिला नाहीत ते बरं केलंत. मलाही 'साष्टांग नमस्कार' लिहायचे कष्ट वाचले. आठ तास उभं राहून आल्यावर पाठ तशी वाकतही नाही.

कपबशांचं सांगते. त्या दिवशी घरात अकरा माणसं होती आणि त्यांना चहा लागतो. रडणाऱ्यांना लागतो आणि प्रश्न विचारणाऱ्यांनाही लागतो. तुम्ही घेतला नाहीत, तो तुमचा वाटा मी प्याले. त्या दिवसात माझ्या पोटात गेलेलं पहिलं काही तेच.

मामंजी सात महिने अंथरुणाला खिळले होते. छातीत पाणी व्हायचं. दर पंधरा दिवसांनी काढावं लागे. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. मी ड्यूटीवर असले की हे काम तुमचा भाऊ करायचा, आणि त्याला ते जमायचं नाही. तो बापाला असा धरायचा, जसं कोणी दुसऱ्याचं तान्हं मूल धरतं. मामंजींना उजव्या कुशीवर बरं वाटायचं. चहा बशीत ओतून लागायचा. टायपिंगची सवय जात नव्हती, बोलताबोलता पांघरुणावर बोटं चालायची. यातलं तुम्हाला काही माहीत होतं? सात महिन्यांत तुमची तीन पोस्टकार्डं आली आणि तिन्हींत हवापाणी होतं.

तारेबद्दल मी इतकंच सांगीन की मला जे लिहायचं होतं ते मी लिहिलं. जास्त विचारू नका.

आणि एक. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण वेलांट्या मलाही दिसतात. 'सोमवारी संध्याकाळी निघाले असते,' असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तार सोमवारीच मिळाली. मग सवडीनं म्हटलं तरी मंगळवार होता, बुधवार होता, गुरुवार होता. तुम्ही शुक्रवारपर्यंत त्या शहरात काय करत होतात? मामंजी गेल्याची तार मिळाल्यावरच कशा निघालात?

तुम्हीही उत्तर द्या.

तुमची भावजय, इलाज नाही म्हणून


२६ फेब्रुवारी

सिस्टर,

मला जबाब विचारायचा अधिकार तुला कोणी दिला? तरी सांगते.

आमच्या कोशाचं 'एस' हे अक्षर गुरुवारी छापखान्यात जायचं होतं. 'एस' म्हणजे काय असतं ते तुला ठाऊक नसेल. इंग्रजीत सर्वांत जास्त शब्द त्या अक्षराचे. तीन फर्मे माझ्या टेबलावर पडले होते. माझ्या शेवटच्या नजरेशिवाय यंत्र सुरू होत नाही. मी तार वाचली. 'सून' वाचलं. आणि कोणत्याही समंजस माणसानं जो अर्थ लावला असता तो लावला: हातातलं काम संपवून ये. आमच्या कोशातच बघ, मी स्वतः तपासलेली नोंद आहे: 'लवकर, थोड्याच अवधीत, काही वेळाने.' यात कुठेही 'ताबडतोब' नाही. 'ताबडतोब' हवं असेल तर इंग्रजीत त्याला वेगळे शब्द आहेत, आणि ते तुझ्या वॉर्डाच्या भिंतीवर टांगलेले आहेत.

तुला खरं काय हवं होतं ते मला कळत नाही असं समजू नकोस. मी आले असते तर बाबांच्या खोलीत दोन बायका झाल्या असत्या. मग सात महिन्यांची पुण्याई कोणाच्या नावावर राहिली असती? लेक आली की गल्लीनं तुझ्याकडे बघणं सोडलं असतं. तेवढ्यासाठी एक बोटचेपा शब्द पुरला. खून करायला हत्यारच लागतं असं नाही.

चहा बशीत ओतून लागायचा, म्हणतेस. तो त्यांना माझ्या लहानपणापासून तसाच लागायचा. मला नको शिकवूस.

धाकट्याची थोरली बहीण


७ मार्च

वन्सं,

'खून' हा शब्द तुम्ही तपासून लिहिला असेलच. माझ्या हातून माणसं गेली आहेत, वॉर्डात जातात, पण तो शब्द मला अजून कोणी लावला नव्हता. तुमचं पत्र तुमच्या भावाला वाचायला दिलं. तो गच्चीवर जाऊन वाळत घातलेले कपडे काढून आला, ओलेच.

मग मी ठरवलं की शब्दांचंच भांडण असेल तर शब्दांनीच होऊ दे.

दवाखान्याच्या मागच्या रस्त्यावर वाचनालय आहे. तिथल्या ग्रंथपाल बाई माझ्याकडे पित्ताशयाच्या ऑपरेशनला होत्या, त्यामुळे मला खुर्ची मिळाली. त्यांना म्हटलं, "मला 'सून' शब्द बघायचाय." त्या म्हणाल्या, "मराठी की इंग्रजी?" म्हटलं, "इंग्रजी. मराठी सून काय असते ते मी रोज बघते." त्यांनी दोन्ही हातांनी एक जाडजूड पुस्तक खाली काढलं. त्यात शब्दाचा आजचा अर्थ असतोच, पण तो कुठून आला, आधी काय होता, हेही असतं. माझं इंग्रजी औषधांपुरतं. बाईंनी वाचून अर्थ सांगितला.

हजार वर्षांपूर्वी त्या लोकांच्या बोलीत हा शब्द 'सोना' असा होता. त्याचा अर्थ काय होता माहीत आहे? ताबडतोब. त्याच क्षणी. 'लवकर' नाही, 'सवडीनं' तर मुळीच नाही. बाईंना मी तीनदा विचारलं. त्यांनी तीनदा बोट ठेवून दाखवलं.

म्हणजे तुमच्याच शास्त्राप्रमाणे तुमच्या हातात 'ताबडतोब ये' अशी तार होती, आणि ती घेऊन तुम्ही चार दिवस वेलांट्या बघत बसलात. अकरा वर्षं शब्दांवर जगता ना? मग हा कसा सुटला नजरेतून?

आणखी एक. तार कोणाचीही येऊ दे, ती आली की माणूस दारातच पाय मोडल्यासारखा उभा राहतो. त्यात लिहिलेलं नंतर वाचतो. घरून दहा वर्षांत एकदाही तार आली नव्हती. ती आल्यावर तुम्हाला कोशात अर्थ बघावा लागला?

तुमची भावजय


१५ मार्च

सिस्टर,

वाचनालयातल्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी बरोबर वाचलं. 'सोना' म्हणजे त्या क्षणी. मला ते माहीत होतं. 'एस' माझ्याच हाताखालून गेला आहे, हे विसरतेस.

पण अर्धंच वाचून आलीस. अर्थ का बदलला, ते विचारायचं राहिलं. मी सांगते. शब्दाला काही झालं नव्हतं. माणसांना झालं होतं. कोणी हाक मारली की लोक म्हणायचे 'सोना', म्हणजे हा निघालोच, आणि बसून राहायचे. हातातलं आवरायचे, आणखी एक काम काढायचे. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. मग ऐकणाऱ्यानं ओळखलं की 'सोना' म्हणणारा आत्ता येत नाही, जरा वेळानं येतो. शब्दाचा अर्थ तोच ठरला. एकाच शब्दाचं असं झालं नाही. 'प्रेझेंटली' चं झालं, 'ॲनन' चं झालं. तिथे 'ताबडतोब' साठी नवा शब्द आणला की माणसं तो शे-दोनशे वर्षांत आळसावून टाकतात. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? "जेवायला चला" म्हटलं की आतून "आलो, आलो" ऐकू येतं. क्रियापद भूतकाळी, आणि माणूस अजून खुर्चीतच.

तुझा 'स्टॅट' अजून शाबूत आहे. लॅटिनमधला आहे तो, उभं राहण्याच्या धातूपासून आलेला. उभ्याउभ्या करायचं काम. शाबूत राहिला, कारण तुम्ही लोक तो लिहिल्यावर खरंच पळता.

हे मी काय लिहीत बसले. माझा प्रश्न तिथेच आहे. हजार वर्षांपूर्वीचा अर्थ तुला तेव्हा माहीत नव्हता, तू तो आत्ता शोधून काढलास. म्हणजे लिहिताना तुझ्या मनात आजचाच अर्थ होता. 'मला जे लिहायचं होतं ते मी लिहिलं,' म्हणालीस. तुला का लिहायचं होतं? की तुझं इंग्रजी इतकं कच्चं, की तुला हा मराठीच शब्द वाटला, आणि तारेत तू स्वतःचीच जाहिरात करून घेतलीस? कम, सून! वाचून छान वाटलं असेल. नऊ वर्षांत पहिल्यांदाच छापून आलीस.

धाकट्याची थोरली बहीण


२४ मार्च

वन्सं,

तुमचा विनोद पोचला. तुम्ही अंधारात दगड मारलात, तो नेमका बसला. म्हणून आता सांगते. मामंजींना दिलेला शब्द मोडते आहे, त्याचं खापर तुमच्यावर.

सोमवारी सकाळी सातच्या ड्यूटीआधी मी तारेचा फॉर्म घेऊन त्यांच्या पलंगाशी बसले. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मी लिहिलं होतं, 'फादर सीरियस. कम ॲट वन्स.' मामंजींनी चष्मा मागितला. वाचलं. आणि म्हणाले, "हे काढ."

"कोणतं?"

"ॲट वन्स काढ. आणि सीरियस काढ. इल पुरे."

म्हटलं, "मामंजी, डॉक्टर म्हणालेत..."

"डॉक्टर मला काय शिकवणार? वकिलाच्या कचेरीत चाळीस वर्षं नोटिसा टाइप केल्या मी. ॲट वन्स नोटिशीत लिहितात. जागा खाली करा, ॲट वन्स. तिला एकदा लिहिलं होतं मी. रिटर्न ॲट वन्स. काय झालं ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यांनी सांगितलं. तुम्ही नोकरीसाठी निघून गेलात, त्यांनी तार केली, आणि तुम्ही ती पाकिटात घालून परत पाठवलीत. तिन्ही शब्दांवर लाल शाईनं काट मारून. ते हसले सांगताना. मग खोकला आला, बराच वेळ थांबला नाही. खोकला थांबल्यावर म्हणाले, "हुकूम केला की ती येत नाही. माझ्यावर गेली आहे. सून. सून लिही."

वन्सं, आता तुमच्या विनोदाकडे येते. नऊ वर्षं त्या माणसानं मला सिस्टर म्हटलं. पाणी हवं तर सिस्टर, भांडी हवीत तर सिस्टर. माझ्या आईसमोरसुद्धा सिस्टर. त्या सकाळी ते म्हणाले, "सून लिही," आणि मला वाटलं, तार कोणाकडून आहे ते लिहायला सांगताहेत. सुनेकडून. माझे डोळे भरून आले. फॉर्मवर खाली पाठवणाराचं नाव लिहायची जागा असते. तिथे मी इंग्रजीत लिहिलं, 'डॉटर-इन-लॉ.' स्पेलिंग आठवून आठवून लिहिलं. आणि फॉर्म त्यांना दाखवला.

त्यांनी चष्मा वर-खाली केला. म्हणाले, "हे काय? एस, ओ, ओ, एन. कम सून. एवढंही येत नाही?"

मी ते नाव खोडलं आणि तिथे तुमच्या भावाचं लिहिलं. नवा फॉर्म घेतला नाही. ड्यूटीला उशीर होत होता. तार त्यानंच नेऊन दिली.

मी निघताना मामंजी म्हणाले, "शब्द मी निवडला हे तिला सांगू नकोस. म्हातारा नरमला असं वाटेल तिला." मी कबूल केलं. म्हणून त्या रविवारी कपबशा विसळत बसले.

झालं समाधान? तुमच्या वडिलांनी तुम्हाला आयुष्यात एकदाच विनंती केली. तुम्ही तिला बोटचेपी म्हणालात.

सिस्टर


९ एप्रिल

वहिनी,

तू माझ्या धाकट्या भावाची बायको, हा मान तुला लावायची रीत नाही. राहू दे. दोन आठवडे मी दुसरा शब्द शोधत होते, सापडला नाही.

तुझ्या पत्राबद्दल काही लिहीत नाही. तुला माझ्याकडून माफी हवी आहे असं तुझ्या अक्षरावरून तरी वाटत नाही. पण तू पहिल्या पत्रात विचारलं होतंस की शुक्रवारपर्यंत मी काय करत होते. मी खोटं सांगितलं.

तार सोमवारी सकाळी अकराला आली, मी मुद्रितं घेऊन घरीच बसले होते. तारवाल्यानं सही घेतली. मी वाचण्याआधीच मला कळलं. तू म्हणालीस तसंच, मी दारातच उभी राहिले. 'सून' शब्दावर नजर गेली ती नंतर, आणि मला आनंद झाला. आनंदच, वहिनी. धरून बसायला काहीतरी मिळालं. मी तार मुद्रितांच्या खाली सरकवली.

'एस' गुरुवारी जायचा होता हे खरं. पण मुख्य संपादकांना सांगितलं असतं तर त्यांनी स्वतः मला स्टेशनवर सोडलं असतं. मी त्यांना सांगितलंच नाही. मंगळवारी ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "आज तुमचं लक्ष नाही. दोन चुका सोडल्यात." अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

मी दुसऱ्या तारेची वाट बघत होते.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी मला बोलावलं, मी लाल शाई मारून परत पाठवली. त्यानंतर मला वाटलं होतं पुन्हा बोलावतील. पुन्हा तार येईल, रागावून का होईना. ती कधी आली नाही. आता आली होती, तर माझ्या मनानं घेतलं की एकदा बोलावलं म्हणून काय जायचं? पुन्हा बोलावू देत. दुसरी तार आली की त्या पावली निघायचं. पिशवी भरून ठेवली होती. दोन साड्या, चष्म्याचं घर, फणी. ती दाराशी सोमवारपासून शुक्रवारपर्यंत होती. रोज कामावर जाताना ती पायानं बाजूला सारायची आणि परत आल्यावर घरमालकिणीला विचारायची, "तार आली का?" बुधवारी विचारलं. गुरुवारी दोनदा विचारलं.

शुक्रवारी दुसरी तार आली. त्यात काय होतं ते तुला माहीत आहे.

'सून' म्हणजे काय ते तार हातात घेतली तेव्हाच मला कळलं होतं. मला कोशाची गरज नव्हती. तुझ्यावर ढकलायला एक शब्द मिळाला म्हणून ढकलला.

त्यांना वाटलं होतं, हुकूम नको, विनंती करू. मी विनंतीचंही तेच केलं.

थोरली


१६ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र ड्यूटीवरच आलं. वॉर्डातल्या कपाटाशी उभी राहून वाचलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही, हे आधी सांगते. तुम्ही मला जे जे म्हणालात ते मी विसरणार नाही. पण आता तुम्ही खरं लिहिलंत, तर माझ्याजवळचं ठेवून घेतलं तर मी तुमच्याहून वाईट ठरेन. तसं व्हायची माझी तयारी नाही.

तुम्ही जिची वाट बघत होतात ती दुसरी तार मी लिहिली होती.

बुधवारी सकाळी मामंजींचा श्वास बदलला. घरच्यांना कळला नाही, मला कळला. पंधरा वर्षं मी तो ओळखते. एक लांब, मग थांबणं, मग भराभर तीन-चार. असं सुरू झालं की दोन दिवस, फार तर तीन. जेवणाच्या सुट्टीत मी दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या तारघरात गेले. फॉर्म भरला. 'फादर सिंकिंग. कम ॲट वन्स.' मामंजींनी मना केलेले शब्द मी माझ्या जबाबदारीवर लिहिले. खिडकीपुढे माझ्या आधी दोन माणसं होती.

पहिला झाला. मी फॉर्म घडी करून एप्रनच्या खिशात घातला आणि वर वॉर्डात गेले.

का, ते सांगते. रांगेत उभी असताना मला दिसलं. तुम्ही दारातून आत येता आहात, मामंजी तुमच्याकडे बघताहेत. आणि म्हणताहेत, "सिस्टर, हिला पाणी दे." एवढंच. सात महिने मी त्यांची कूस बदलली, आणि त्या खोलीत मी पुन्हा पाणी देणारी होणार होते. दोन दिवस ते माझे राहू देत, असं मनात आलं. मी वाईट बाई नाही, वन्सं. त्या वेळी होते.

तार दुपारी मिळाली असती. बुधवारच्या संध्याकाळच्या गाडीनं तुम्ही निघाला असतात. शुक्रवारी सकाळी पोचला असतात. मामंजी दुपारी अडीचला गेले. सकाळभर शुद्धीवर होते. "तार पोचली ना?" म्हणून त्यांनी तीनदा विचारलं. मी म्हटलं, "पोचली. निघाल्या असतील."

म्हणजे तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलंत ते खरंच होतं. मधले दिवस मी घेतले. सगळे नाही. शुक्रवारची सकाळ घेतली.

तुमच्या भावाला काल सांगितलं. आज सकाळी त्यानं चहा केला, स्वतःपुरता.

आता तुम्हाला हवं ते लिहा. खून लिहिलात तरी मी उत्तर देणार नाही.

सिस्टर


२१ एप्रिल
(दवाखान्याच्या पहारेकऱ्याबरोबर वर पाठवलेली चिठ्ठी)

सिस्टर,

तुझं पत्र परवा दुपारी मिळालं. संध्याकाळच्या गाडीनं निघाले. मी खाली बाकावर बसले आहे. संपादकांना सांगून आले आहे, परत कधी जाईन ते सांगितलेलं नाही.

तुला माफ करायला आलेले नाही. मला माफ कर म्हणायलाही नाही. पत्रं लिहून आपण दोघी एकमेकींना फक्त मारतो. मला तुझं तोंड बघून भांडायचं आहे. आणि बाबा सकाळभर शुद्धीवर होते, तेव्हा आणखी काय काय बोलले ते मला ऐकायचं आहे. सगळं. तीनदा विचारलं तेवढंच नाही.

यायचं नसेल तर पहारेकऱ्याला तसं सांग. मी उठून जाईन.

थोरली


(त्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला)

वन्सं,

आत्ता येता येत नाही. वॉर्डात बावीस जण आहेत आणि सात नंबरला रक्त लावलंय. तीनला सुटते. भांडायला दोन तास तरी लागतील, तोवर काही खाऊन घ्या. पहारेकऱ्याला सांगितलंय, तो चहा आणून देईल. या वेळी नाही म्हणू नका.

त्या बाकाचा डावा पाय मोडका आहे. उजव्या बाजूला बसा.